आण्णांच्या गच्चीवरच्या खोल्या

"काकू, समोर बघितलंत का? परवापर्यंत नुसती गच्ची होती, आज भिंती उभ्या!"

"बघितलं की. टेम्पो आला तेव्हा वाटलं, मांडवाचं सामान उतरतंय. भाविकांना भाड्याने द्यायला दोन खोल्या काढतायत म्हणे आण्णा."

"पण पत्र्याच्या खोलीत वैशाखात राहणार कोण? साईबाबांच्या प्रसादालयावर त्या ७३ सौर तबकड्या आहेत ना, २००९ पासून उन्हावर वाफ करून वरण-भात शिजवतात. तसं गिऱ्हाईक शिजायचं!"

"साधा पत्रा नाही गं, पफ पॅनल आहे. दोन बाजूंना रंगीत पत्रा, मधे दोन इंच फोम, फ्रिजच्या दारात भरतात तोच. माझा भाचा फॅब्रिकेशन करतो, तो म्हणाला, ऊन अडवायला हे दोन इंच म्हणजे दीड मीटर जाड विटांची भिंत."

"दीड मीटर! गढी झाली की."

"अडवण्यापुरतीच हं. आपल्या धाब्याच्या घराची मातीची भिंत ऊन पोटात ठेवायची, आत झळ पोचेस्तोवर दिवस मावळायचा. फोमला तो दम नाही. दार उघडं टाकलं की खोली लगेच तापली. एसी लावून दार बंद करणाऱ्यांचं काम ते."

"मग विटाच रचायच्या!"

"जुन्या स्लॅबवर? नऊ इंची भिंत म्हणजे चौरस मीटरला चारशे किलो. पॅनल दहा-बारा किलो. इथे मी आण्णांच्या बाजूने."

"वहिनी तर सांगत होत्या, अमेरिकेत अख्खी घरं अशी बांधतात."

"बांधतात, पण तिकडे पत्र्याऐवजी लाकडाचे दाबीव बोर्ड. १९३५ पासून प्रयोग चाललेत त्यांचे. इथे आणलं तर वाळवीला भंडाराच! आण्णांचं चुकलंय ते सांध्यात. एसीच्या पाइपाला भोक पाडलंय आणि वर चिंधीचा बोळा. एवढा महाग फोम घेतला, गार हवा तिथूनच जाणार. पाऊसही तिथूनच येणार."

"आणि आग लागली तर?"

"धूर फार वाईट त्याचा. स्वयंपाकाची खोली असती तर भाचा म्हणतो, आत रॉकवूल भरलेलं पॅनल घ्यायचं, ते पेटत नाही. महाग पडतं, म्हणून कुणी विचारत नाही."

"बाबांची तसबीर कुठे लावणार पण? खिळा धरेल का?"

"छे! फोममध्ये काय धरणार? पत्र्याला रिव्हेट मारायचा."

"भाडं किती घेणार म्हणे?"

"त्यासाठीच तर मघापासून इथे उभी आहे. थांब, कपडे वाळत घालायला आल्या बघ... अहो वहिनी, छान झाल्या हो खोल्या!"