एक मिनिटाचा मुडा

आयटीआय करून चाकणच्या कारखान्यात लागलेला पोरगा थोड्याच दिवसांत जपानी बोलू लागतो. आपण जपानी बोलतोय याचा त्याला पत्ता नसतो, एवढंच. ‘‘साहेब, इथं पोका-योके असता तर पार्ट उलटा बसलाच नसता,’’ असं तो सहज बोलून जातो. भिंतीवर सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके ही फाइव्ह एसची पंचपदी टांगलेली असते. साहेब मंडळी गेम्बाला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जातात, कामगार कायझेनची, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांची शीटं भरतात. भोसरीपासून चाकणपर्यंत जपान असा अंगवळणी पडला आहे. त्या देशाचा चहा तेवढा दारातच अडला.

तसे त्याचे डबे येत असतात. जपानी पाहुणा रिकाम्या हातानं येत नाही. डबा देखणा, त्यावरचा कागद त्याहून देखणा, त्यामुळे तो शोकेसमध्ये गणपतीशेजारी स्थानापन्न होतो. पुढं कधीतरी घरातलं कुणीतरी धीर करून तो उघडतं आणि आलं घालून खळखळा उकळतं. तयार झालेला काढा तोंड वाकडं करत पिऊन ज्येष्ठ मंडळी म्हणतात, ‘‘तब्येतीला चांगला असणार!’’ कडू ते गुणकारी, हा आपल्याकडचा जुना सिद्धान्त.

यात त्या मंडळींचा दोष नाही. आपली चहापूड उकळण्यासाठीच जन्माला आलेली आहे. 1930 साली आसामात विल्यम मॅक्कर्चर यांनी सीटीसी यंत्र आणलं. ते पान चिरडतं, फाडतं, वळतं आणि त्याच्या टणक गोळ्या करतं. दूध, साखर, आलं, वेलदोडा या सगळ्यांना त्या एकट्या पुरून उरतात. जपानी पान खुडल्याबरोबर वाफवतात, म्हणून ते काळं न पडता हिरवं राहतं. उजीजवळच्या नागातानी सोएन यांनी 1738 मध्ये ही रीत बसवली असं मानतात, आणि तिच्यातूनच रोजच्या पिण्यातला ‘सेंचा’ आला. या पानात थिआनिन असतं, ते चवीला गोडसर, भरीव. कॅटेचिनही असतं, ते तुरट आणि कडसर. थिआनिन कोमट पाण्यातही सुखानं उतरतं. कॅटेचिनला कढत पाणी लागतं. उकळतं पाणी ओतलं की दोघंही बाहेर येतात, पण ऐकू येतो तो कॅटेचिनचाच आवाज.

तेव्हा चाकणच्या रिवाजाप्रमाणे आधी एसओपी. दोघांसाठी दोन छोटे चमचे पानं, म्हणजे चार-पाच ग्रॅम. पाणी उकळून घ्यायचं, पण ओतायचं 70 ते 80 अंशांवर. थर्मामीटर शोधू नये. उकळलेलं पाणी आधी कपात ओतावं, कपातून दुसऱ्या भांड्यात. प्रत्येक बदलीत ते दहाएक अंशांनी निवतं आणि कपही आयतेच गरम होतात. पाणी हलकं हवं. पवना धरणाचं नळाचं पाणी, दिवसाआड का होईना, आलेलं असलं तर उत्तम. बोअरच्या जड पाण्यात चव बसून जाते. पाणी पानांवर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि साधारण एक मिनिट काहीही करायचं नाही.

खरी अडचण इथंच आहे. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यातल्या अपव्ययाचे सात प्रकार सांगितले. त्यांना मुडा म्हणतात आणि वाट पाहणं हा त्यातला एक. आमच्या भागातला माणूस या मुड्याचा जन्मवैरी. स्क्रूड्रायव्हर हाताच्या अधिक जवळ टांगून तो सायकल टाइममधले दोन सेकंद वाचवतो, त्याचं प्रमाणपत्र मिळवतो, आणि ते प्रमाणपत्र मांडीवर घेऊन कंपनीच्या बसमधून चाकणच्या तळेगाव चौकात अर्धा तास उभा राहतो. वाचवलेले सगळे सेकंद तिथं व्याजासह फिटतात. अशा माणसाला झाकलेल्या किटलीसमोर मिनिटभर गप्प बसवायचं म्हणजे कठीण काम. तो झाकण उचलून पाहतो, किटली हलवतो, निदान मोबाइल तरी काढतो.

पण चौकातलं थांबणं आणि किटलीसमोरचं थांबणं यात फरक आहे. चौकात आपण थांबतो आणि काहीच होत नाही. किटलीत आपण थांबतो म्हणूनच काहीतरी होतं: वळलेलं पान उलगडतं, चव उतरते. ओनोंच्या हिशेबानंही ज्यानं मालाची किंमत वाढते तो मुडा नव्हेच. मिनिट झालं की चहा थोडा या कपात, थोडा त्या कपात असा आलटून पालटून ओतायचा, म्हणजे दोन्ही कप सारखे होतात. शेवटचा थेंबही निथळून घ्यायचा; सगळ्यात दाट चव त्यातच असते.

पुढचा भाग काटकसरी माणसाला आवडेल. त्याच पानांवर दुसऱ्यांदा थोडं जास्त गरम पाणी ओतलं की काही सेकंदांत दुसरा चहा तयार. चांगली पानं तिसऱ्यांदाही पाणी घेतात. उरलेला चोथा काही जपानी लोक सोया सॉस घालून खातातही. स्क्रॅप शून्य!

साखर नाही म्हणून कुणी हळहळू नये. गोड आधी खाल्लं की चहा पाणचट लागतो, असं आपली आई बजावत आली. जपानी माणूस मात्र मुद्दाम आधी गोडाचा तुकडा खातो आणि मग चहा घेतो. चिंचवड हे मोरया गोसावींचं गाव. इथं मोदकाला काय तोटा? तेवढ्यानंही जमलं नाही तर भाजलेल्या तांदळाचा गेनमाइचा आहे, भाजलेल्या पानांचा होजिचा आहे. हे दोन्ही कढत पाण्याला भीत नाहीत. मेतकूट-भातावर वाढलेल्याला गेनमाइचाचा वास पहिल्या घोटालाच घरचा वाटतो.

यामुळे टपरीवरच्या कटिंगशी बेइमानी होत नाही. रात्रपाळी सुटल्यावर कटिंगच हवा. त्या वेळी कुणी सेंचा पुढं केला तर माझाही हात आधी टपरीकडेच जाईल. सेंचाची वेळ वेगळी, सुट्टीची, जिथं घाईचं कारण सापडत नाही अशी. तरीही कारखान्यासाठी माझी एक कायझेन सूचना तयार आहे: दहा मिनिटांच्या टी-ब्रेकला एक मिनिट वाढवून द्यावं. शीटमधला ‘होणारी बचत’ हा रकाना मात्र मॅनेजमेंटनं स्वतः भरावा, आणि भरण्यापूर्वी तळेगाव चौकातून एक चक्कर मारून यावी.