कप्पेकर

कप्पेकरासमोर ‘मी हल्ली मोबाइलवर एक मारामारीचा गेम खेळतो’ असं कधी बोलू नये. तो रागावत नाही. रागावला असता तर परवडलं असतं. तो खुर्ची पुढे ओढून फार मायेने विचारतो, ‘मारामारी म्हणजे कशी? दोघांचीच, समोरासमोर? की एकट्याने चालत जाऊन वीस जणांना लोळवायचं?’ आपण म्हणतो, वीस जणांना. ‘मग तो फायटिंग गेम नव्हे. बीट-एम-अप.’ सुटलो एकदाचे, असं वाटून आपण चहाकडे वळतो, तोवर त्याने १९८७ सालच्या ‘डबल ड्रॅगन’पासून सुरुवात केलेली असते.

ही जमात आता सर्वत्र आढळते. वय पस्तिशी-चाळिशीचं, नोकरी बहुधा हिंजवडीला नाहीतर ऐरोलीला, घरात एक खुर्ची अशी की तिच्यावर इतर कुणी बसायचं नाही. बायकाही आहेत यात, पण त्या समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देतात, त्यामुळे पटकन ओळखू येत नाहीत. कुणी मोबाइल आडवा धरलेला दिसला की कप्पेकर कार्यालयाच्या दुसऱ्या टोकावरून येतो, कारण आडवा मोबाइल म्हणजे गेम. उभ्या मोबाइलकडे तो फिरकत नाही. तिथे कँडी क्रश चालू असणार, आणि ‘मॅच-थ्री’ एवढं म्हटलं की त्याच्या लेखी विषय संपला. त्या मोबाइलच्या मालकीणबाई २०१२ पासून तो गेम खेळत असतील, तरीही.

त्याचं मूळ शोधायचं तर नव्वदीतल्या गेम पार्लरमध्ये जावं लागतं. एसटी स्टँडजवळचा एक गाळा, दाराला मळका पडदा, आत अंधार आणि घामाचा वास, रुपयाला एक कॉइन. तिथे ‘मुस्तफा’ नावाचा एक गेम होता. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ मध्ये त्याचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ असं भारदस्त ठेवलं होतं, पण नावाच्या पाटीशी पोरांना काय करायचंय? चार नायकांतल्या एकाचं नाव मुस्तफा, त्याची लाथ सगळ्यांत भारी, म्हणून पोरांनी अख्ख्या गेमचं पुन्हा बारसं केलं. नवीन मशीन आलं की मालकाला एकच प्रश्न, ‘मुस्तफासारखा आहे का?’ मालक ‘हो’ म्हणाला की रुपया आत.

ही आठवण काढली की कप्पेकर दुखावतो. आपलं शास्त्र आणि स्टँडवरची पोरं यांचा संबंध जोडलेला त्याला खपत नाही. पण त्यानेच मला वेळोवेळी ऐकवलेला इतिहास जोडून पाहिला, तर ते सगळं शास्त्र ‘मुस्तफासारखा’वरच उभं आहे. डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ आला. हातातली बंदूक तेवढी दिसते, आपण दिसत नाही, समोर येईल त्याला उडवायचं. पुढची काही वर्षं तसल्या प्रत्येक गेमला लोक ‘डूम क्लोन’च म्हणत. भावंडं फार झाली तेव्हा ‘फर्स्ट पर्सन शूटर’ हे सोवळं नाव रूढ झालं. त्याआधी, सत्तरच्या दशकात, विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रॅमरने गुहेत हिंडायचा एक गेम लिहिला. चित्र एकही नाही, नुसता मजकूर. लोक त्याला ‘अ‍ॅडव्हेंचर’ म्हणू लागले आणि ते नाव सगळ्या वंशाला चिकटलं. १९८६चा ‘मेट्रॉइड’ आणि १९९७चा ‘कॅसलव्हेनिया’ यांची सोयरीक लावून ‘मेट्रॉइडव्हेनिया’ झालं: एकच मोठा नकाशा, जागोजाग बंद दारं, आणि नवी शक्ती मिळाली की उलटं फिरून ती दारं उघडायची. २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’ आला, खेळणाऱ्यांना मारून मारून हैराण केलं, आणि तेव्हापासून छळणारा प्रत्येक गेम ‘सोल्सलाइक’. गोत्र ऋषीच्या नावाने चालतं तसा जॉनर पहिल्या गाजलेल्या गेमच्या नावाने चालतो, आणि कोण कुणाच्या गोत्रातला हे सांगायला कुणीतरी जाणता लागतो.

तो जाणतेपणा कप्पेकराने वाचून कमावलेला आहे, हे मान्य करायला हवं. ख्रिस क्रॉफर्डचं १९८४चं पुस्तक त्याला जवळपास पाठ आहे. क्रॉफर्डने सगळ्या गेमचे मुख्य दोनच भाग केले: हाताची चपळाई लागते ते आणि डोकं लागतं ते. शिवाय ही वर्गवारी म्हणजे काही अंतिम सत्य नव्हे, असंही त्याने लिहून ठेवलं. कप्पेकराला क्रॉफर्डचं सगळं पटतं, हे शेवटचं सोडून.

एक कप्पेकर तसा सोसता येतो. दोन एकत्र आले की काय होतं, ते मी एका मुंजीत पाहिलं. एक वडिलांकडचा, एक आजोळकडचा, आणि पंगतीत शेजारी शेजारी पानं. वरण-भाताला ओळख झाली. मसालेभाताला ‘हेडीस’ हा २०२० सालचा गेम दोघांनाही आवडतो असं निघालं. जिलबी येईपर्यंत दोघांचे चेहरे लाल.

वडिलांकडचा म्हणाला होता, ‘काय सुंदर रोगलाइक आहे!’

‘रोगलाइट,’ आजोळकडचा म्हणाला. पानावरून नजरही न उचलता.

झालं. १९८० मध्ये ‘रोग’ नावाचा गेम आला होता. पडद्यावर नुसती अक्षरं, त्या अक्षरांचंच तळघर, दर वेळी नव्याने रचलेलं, आणि मेलात की सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून. त्या चालीचे ते रोगलाइक. २००८ मध्ये असे गेम बनवणाऱ्यांची बर्लिनला परिषद भरली आणि अस्सल रोगलाइकची लक्षणं कोणती, याची यादी ठरली: तळघर आपोआप रचलं जावं, मरण कायमचं असावं, चाली आळीपाळीने व्हाव्यात, घरं आखलेली असावीत, वगैरे. पुढे ‘मेल्यावरही थोडी कमाई शिल्लक राहील’ अशी सवलत देणारे गेम आले. त्यांच्यासाठी ‘रोगलाइट’ ही पायरी निघाली.

‘बर्लिनप्रमाणे बघितलं तर हेडीस बसतच नाही,’ आजोळकडचा.

‘बर्लिन कोण विचारतंय आता?’ वडिलांकडचा.

वाढपी जिलबीचं ताट घेऊन दोघांच्या मध्ये उभा. पलीकडच्या पानावरच्या आत्याबाईंना अर्धंच ऐकू येत होतं. त्या कळवळून म्हणाल्या, ‘अरे, पण कुणाला झालाय रोग? आणि उपचाराला थेट बर्लिन कशाला? आपल्याकडे काय डॉक्टर नाहीत?’

दोघांनी मिळून त्यांना समजावलं. त्या बाबतीत मात्र एकजूट. हेडीसचा नायक म्हणजे पाताळाच्या राजाचा मुलगा. तो बापाच्या घरातून पळून जायला बघतो, वाटेत मरतो, आणि मेला की पुन्हा बापाच्याच घरी. तिथे बसून थोडी ताकद वाढवायची आणि पुन्हा पळायचं.

‘म्हणजे आमचा धाकटा,’ आत्याबाई म्हणाल्या, आणि जिलबी वाढून घेतली. इतकं अचूक वर्गीकरण त्या पंगतीत दुसरं झालं नाही.

भांडण नेहमी असं जिलबीवर निभावत नाही. जपानी आरपीजींना, म्हणजे रोल-प्लेइंग गेमना, पाश्चात्त्य लोक ‘जेआरपीजी’ म्हणतात. २०२३ मध्ये ‘फायनल फँटसी’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी सांगितलं की हे लेबल पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा आपल्याला हिणवल्यासारखं वाटलं होतं. कप्पेकर हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होता. त्याचा तो कप्पा सगळ्यांत भरलेला, आणि राहणाऱ्यांनाच पाटी नको! तिसऱ्या दिवशी त्याने पाटी ठेवली, फक्त तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणू लागला.

आरपीजी हे एकूणच त्याचं दुखरं ठिकाण. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा गेम निघाला. त्यातले गुण, पातळ्या, अनुभवाचे पॉइंट पुढे कॉम्प्युटरवर आले. इथवर ठीक. पण ही गोष्ट इतकी लाभदायक निघाली की आता फुटबॉलच्या गेममध्येही खेळाडूची ‘लेव्हल’ वाढते, आणि चालायला जायची आठवण करून देणारं अ‍ॅपसुद्धा ‘लेव्हल सातवर पोहोचलात’ म्हणून अभिनंदन करतं. ‘मग फिरायला जाणं आता आरपीजी का?’ असं मी विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही, पण त्याला ती शक्यता तपासावीशी वाटली, हे चेहऱ्यावर दिसलं.

घरी त्याची ही विद्या चालत नाही. त्याची बायको संध्याकाळी तासभर ‘स्टारड्यू व्हॅली’ खेळते. एरिक बॅरोन या माणसाने एकट्याने बनवलेला हा २०१६चा गेम. चित्रं त्याचीच, संगीतही त्याचंच. आजोबांची पडीक जमीन मिळते, ती कसायची, गावातल्या लोकांशी दोन शब्द बोलायचे. ती त्याला ‘माझं शेत’ म्हणते. कप्पेकर मागे उभा राहून म्हणतो, ‘हा मुळात फार्मिंग सिम. १९९६च्या हार्वेस्ट मूनची परंपरा. वर लाइफ सिमचा थर, खाणीत उतरलीस की आरपीजी...’ ती म्हणते, ‘सरक जरा, अंधार होतोय पडद्यावर. भोपळा तेरा दिवसांनी येतो, महिना अठ्ठावीसचा. आज लावला नाही तर हंगाम गेला.’ सासरची साताऱ्याकडची खरी जमीन तिने एकदाच पाहिली, तीही मोजणीच्या दिवशी. या जमिनीला चुलते नाहीत, हे तिला फार बरं वाटतं.

त्याच्या विद्येवर खरा घाला घातला तो सरकारने. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि त्यात तीनच कप्पे केले: ई-स्पोर्ट, ऑनलाइन सोशल गेम आणि ऑनलाइन मनी गेम. तिसऱ्यावर बंदी. कप्पेकर जुगाराचा कट्टर विरोधक, बंदीबद्दल त्याची तक्रार शून्य. पण ‘मनी’? हा जॉनर आहे? आणि ‘सोशल’मध्ये कोडी, शर्यती, शेती सगळं एकत्र कोंबायचं? ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावरच्या रमीवाल्या काकांचा त्रागा वेगळाच होता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, तीन पत्तीसारखा तो निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे, असा निकाल दिला होता. तो दाखला देत काकांनी मोबाइलवर बरीच पेन्शन कौशल्याने घालवली होती. नवा कायदा म्हणतो, कौशल्य असो की नशीब, पैसे लावले की बंद. त्या संध्याकाळी काका आणि कप्पेकर एका बाकावर बसून वर्गीकरणाच्या अधोगतीबद्दल बोलत होते. दोघांची मनं इतकी जुळलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस स्वतः खेळतो कधी? प्रश्न अवघड आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की तो गेम घेतो. घेतला की कप्पा ठरवायचा. त्यासाठी इतरांनी काय काय टॅग लावलेत ते वाचायचे (२०१४ पासून स्टीमवर कुणालाही टॅग लावता येतात, याला तो लोकशाहीचा अतिरेक म्हणतो). मग स्वतःचा कप्पा, उपकप्पा. तोवर दुसरा सेल. जे कुठेच बसत नाहीत त्यांच्यासाठी ‘अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर’ असतं, पण तो शब्द तो फारच नाइलाजाने वापरतो. त्याच्या मते ती खोगीरभरती; ज्याला काही ठरवता आलं नाही, त्याने मारलेला शिक्का.

त्यामुळेच ‘राजी’ने त्याचे हाल केले. ‘राजी: अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा २०२० चा गेम, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. सर्कशीतली एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला दुर्गेचा त्रिशूळ घेऊन निघते. अभिमानाने त्याने तो घेतला, आणि मग कप्प्याची वेळ आली. भिंतींवरून कसरती करत जाते, म्हणून प्लॅटफॉर्मर म्हणावा, तर त्रिशूळ आडवा येतो. हॅक अँड स्लॅश म्हणावा, तर मध्येच शांतपणे कोडी सोडवते. बाहेरचे सगळे म्हणतात अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर. पुण्याच्या गेमला खोगीरभरतीत घालायचं? सदाशिव पेठेतल्या घरात वाढलेल्या माणसाला हे जमेना. आठवडाभराने त्याने मला बोलावून स्क्रीन दाखवली. डाव्या बाजूला कप्प्यांची रांग, आणि सगळ्यांत वर एक नवा कप्पा, ‘पुणे’. आत एकच गेम.

‘खेळून कसा वाटला?’ मी विचारलं.

‘थांब रे,’ तो म्हणाला, ‘आधी उपकप्पे पाडू दे.’