कायापालटे काका

सिद्धेश्वरला येणारा पाहुणा पूर्णेवरच्या धरणाच्या बांधावर उभा राहून पाणी बघतो, फोटो काढतो आणि औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला निघून जातो. धरणाचं काम 1968 साली संपलं. गावातल्या एखाद्या बैठकीत मात्र याहून चिवट काम चालू असतं आणि ते संपण्याची चिन्हं नसतात. त्या कामावरचे इंजिनिअर म्हणजे कायापालटे काका. हे कोणा एकाचं नाव नव्हे. असा एक काका प्रत्येक आळीत निघतो. हातात कटर, कानावर पेन्सिल, आणि मोबाईलमध्ये ‘पाचशे रुपयांत हॉलचा कायापालट’ असा व्हिडिओ. लोक त्यांना चिक्कू म्हणतात, ते खोटं आहे. चिक्कू माणूस खर्च टाळतो. काका सढळ हातानं खर्च करतात, फक्त दर खेपेला शंभर-दीडशेचा, त्यामुळे तो त्यांच्या हिशेबात धरला जात नाही. त्यांच्या स्वस्ताईला हसण्यात अर्थ नाही, कारण घर थोडक्यात उजळतं हा त्यांचा मूळ सिद्धांत शंभर टक्के बरोबर आहे. घोळ आहे तो क्रमाचा. जे काम सगळ्यात शेवटी करायचं, त्याला काका सगळ्यात आधी हात घालतात.

पुरावा म्हणून त्यांची समोरची भिंतच बघा. आत खरी वीट, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइलपेंट आणि त्यावर चिकटवलेला विटांच्या चित्राचा स्टिकर. वीट झाकायला एकदा पैसे गेले, ती पुन्हा दिसावी म्हणून दुसऱ्यांदा गेले. छताच्या कडेनं निळ्या दिव्यांची पट्टी फिरवल्यापासून ती बैठक रात्री पुण्याच्या ट्रॅव्हल्ससारखी दिसते. बसलेल्या माणसाला उगाच वाटतं, आता तिकीट विचारतील. पुढचा प्रयोग पिवळ्या रंगाचा. जिल्हा हळदीचा, वसमतची हळद नावाजलेली, मग डबाभर रंग विकत कशाला आणायचा, असा विचार करून काका कालवलेल्या चुन्यात हळद टाकतात. हळद चुन्याला भेटली की लाल होते. कुंकू करण्याची जुनी रीत हीच. पिवळी होणारी भिंत कुंकवाच्या रंगाची होते आणि पुढे उन्हानं तोही उडतो. काका डगमगत नाहीत. ‘मला हाच पाहिजे होता,’ म्हणतात.

पण काका असे का झाले, हे पाहिलं तर थोडी सहानुभूती वाटते. मराठवाड्यात घराची खरी परीक्षा दिवाळीत होत नाही, ती भाद्रपदात महालक्ष्म्यांना होते. लक्ष्म्या तीन दिवस बसतात, हळदी-कुंकवाला सगळी आळी येते, आणि नेमक्या त्याच दिवसांत भिंतींनी दोन-अडीच महिन्यांचा पाऊस पिऊन घेतलेला असतो. खालून ओल चढलेली, लोणा फुटलेला, रंगाचे पोपडे हातात येतायत. खालची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तडे वेगळेच. अशा वेळी दारात पाहुण्या उभ्या असताना माणूस भिंत दुरुस्त करत नाही, झाकतो. काकांनी झाकलं हा गुन्हा नाही. लक्ष्म्यांच्या मागं काकीची जरीची साडी ताणून लावतात तेव्हाही भिंत झाकलेलीच असते. पण ती साडी लक्ष्म्या उठल्या की घडी होऊन ट्रंकेत जाते आणि भिंतीला पुन्हा वारा लागतो. स्टिकर आणि प्लॅस्टिकचे पत्रे तिथंच राहतात. ओल त्यांच्या मागं अडकते, बुरशी धरते, आणि पुढच्या श्रावणात स्टिकर गिलाव्याचा तुकडा घेऊनच खाली उतरतो. मग काका त्याहून मोठा स्टिकर आणतात.

यावरचा उपाय शिकायला काकांना लांब जायला नको, धरणापर्यंत चालत गेलं तरी पुरे. सिद्धेश्वरचा बांध मुख्यतः मातीचा आहे. मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपणार, हे बांधणारे धरूनच चालतात. ते झिरपणं झाकत नाहीत. पोटात वाळूचे थर आणि पायथ्याशी चर देऊन त्या पाण्याला बाहेर जायला वाट करून देतात. जुनी माळवदाची घरंही याच न्यायानं चालायची. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती पडायची, पन्हाळी मोकळी व्हायची, आणि भिंतीला चुना लागायचा तो पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या आधी. पहिल्यांदा पाणी, मग रंग. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते, हवा लागून तो हळूहळू टणक होतो, आणि तो अल्कधर्मी असल्यानं बुरशीला मानवत नाही. ऑइलपेंट ओल्या भिंतीचं तोंड बंद करतो, म्हणून त्याला फोड येतात.

काकांचे आक्षेप तयार असतात, आणि सगळेच काही टाकाऊ नसतात. चुना अंगाला लागतो, पाहुण्याची पाठ पांढरी होते, हे खरं. पण तो बहुधा घाईत कालवलेला चुना असतो. रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात डिंक किंवा सरस घालून पातळ हात दोन-तीनदा दिले तर तो बराच धरून राहतो. टिकलीएवढी नीळ घातली की पांढरा आणखी खुलतो. दुसरा आक्षेप जड आहे: छत गळतंय ते दुरुस्त करायला हजारो लागतात, स्टिकर दोनशेत येतो, गरिबानं काय करावं? याला उत्तर असं की सगळी ओल छतातून येत नाही. बरीचशी येते ती तुंबलेल्या पन्हाळीतून, भिंतीला टेकवलेल्या मातीच्या ढिगातून, न्हाणीच्या फुटक्या मोरीतून. तिथं पैशापेक्षा फावडं जास्त लागतं. छत खरोखरच गेलं असेल तर मात्र काकांना नावं ठेवण्याचा कोणालाही अधिकार नाही. तिथं साडी लावावी आणि पैसे साठवावेत. तिसरा आक्षेप हौसेचा. हौस असावी, तिच्याविना घराची धर्मशाळा होते. पण हौसेच्या वस्तू वाढतच जातात. पितळी घागर भंगारात घालून त्याच पैशांत प्लॅस्टिकचा वेल आणणं ही हौस कसली, हा तर घाट्याचा सौदा.

गंमत म्हणजे काकांना कधीमधी बरोबर जमतं, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. जुना साठ वॉटचा बल्ब काढून नऊ वॉटचा एलईडी लावला तेव्हा उजेड तेवढाच राहिला आणि बिल उतरलं. पत्र्यावर पांढरा हात मारला तेव्हा वैशाखातली दुपार थोडी सुसह्य झाली. आणि बैठक सगळ्यात जास्त उजळली ती काकीनं खिडकीला आडवं आलेलं लोखंडी कपाट शेजारच्या भिंतीला सरकवलं तेव्हा. त्याला खर्च शून्य. आलेल्या बायकांनी विचारलं, ‘नवा रंग दिला का ओ?’ श्रेय अर्थातच काकांनी घेतलं. त्यानंतर काकीनं माळ्यावरचे फुटके कूलर आणि रिकामे डबे काढायचं म्हटलं, तर काका आडवे पडले: ‘अगं, राहू दे, लागतं कधीतरी.’

काका, यंदा स्टिकर आणायला औंढ्याला जाणारच असाल तर थोडं थांबा. आधी न्हाणीतल्या गळक्या तोटीचं वायसर बदला, पन्हाळीतला पाला काढा आणि भिंत दिवाळीपर्यंत वाळू द्या. तेवढं झाल्यावरही स्टिकर लावावासा वाटला तर खुशाल लावा, फक्त विटांचा नको.