फळी हलते आहे!

वणीत राहणाऱ्या माणसानं विमानाच्या नादी लागू नये असं कुठे लिहिलेलं नाही. आमच्याच जिल्ह्यात, ओझरला, मिग झाली, सुखोई झाली. मग आमच्या माडीवर बाल्साचं एक रिमोटचं विमान व्हायला काय हरकत होती? पंख चिकटले, शेपूट चिकटलं, माझी बोटंही चिकटली आणि सुटली. उरल्या होत्या फक्त तारा.

सुखोईत वैमानिकाच्या काठीचा निरोप विजेच्या इशाऱ्यांनी जातो. आमच्याकडे तो जातो सर्व्होपर्यंत, म्हणजे नऊ ग्रॅमच्या इवल्याशा मोटारीपर्यंत, आणि तिथून शेपटाच्या हलत्या फळीपर्यंत तो पोचवते एक साधी तार. मी ती सायकलच्या स्पोकची केली. 1903 साली उडालेले राइट बंधू मूळचे सायकल दुकानदारच, तेव्हा परंपरा थोर होती. ते कंबरेखालच्या पाळण्याला तारा बांधून पंख पिळायचे म्हणे. माझी कंबर मात्र माझंही ऐकत नाही, तिथे पंखांचं काय घेऊन बसलात!

तारेच्या टोकाला इंग्रजी झेडसारखा वाक द्यायचा असतो. पक्कड घेऊन मी जे वाक दिले ते कुठल्याही लिपीत बसणारे नव्हते, त्यात उत्साहाच्या भरात दोन्ही टोकांना वाक देऊन मोकळा झालो, मग कळलं की एका टोकाला आट्यांची क्लिप ठेवायची असते, म्हणजे तार थोडी लांब-आखूड करता येते. शिवाय रिसीव्हर चालू करून सर्व्हो मध्यावर आणायचा आणि मगच त्याचा हात बसवायचा. मी हात आधी बसवला, आणि वीज येताच सर्व्हो आपल्या मध्यावर गेला, फळी छताकडे तोंड करून बसली. भोकांचाही हिशेब असतो. सर्व्होच्या हाताचं बाहेरचं आणि फळीच्या शिंगाचं, म्हणजे तार अडकवायच्या भोकाळ पट्टीचं, आतलं भोक घेतलं की फळी सगळ्यात जास्त फडफडते. नवशिक्यानं नेमकं उलट करायचं असतं.

मी भरपूर फडफड घेतली.

अखेर काठी ओढली आणि फळी हलली. मी टाळ्या वाजवल्या. "अहो, पण काठी मागे ओढल्यावर ती वर जायला हवी ना? ही तर खाली चाललीय," बायको दारातून म्हणाली. पण सगळी नोकरी कचेरीत काढलेल्या माणसाला फाइल हलली एवढं पुरतं, ती कुठल्या दिशेला गेली हे कोण बघतो?

द्राक्षबागेशेजारच्या मोकळ्या रानात मुलानं विमान फेकलं, मी नाक वर घेण्यासाठी काठी मागे ओढली, आणि विमानानं अत्यंत आज्ञाधारकपणे ढेकळात नाक खुपसलं.

उपाय सोपा होता. रिमोटवर 'रिव्हर्स'ची बारीक खिट्टी असते. रात्री ती मी कुणालाही न सांगता सरकवली. मुलानंही त्याच रात्री, बापाला बरं वाटावं म्हणून, शिंग फळीच्या वरून काढून खालच्या बाजूला बसवलं. तेही कुणालाही न सांगता. दोन्ही दुरुस्त्या अचूक होत्या.

दुसऱ्या उड्डाणात विमान थेट द्राक्षाच्या मांडवात शिरलं. बागवाले पाटील तारांतून ते सोडवत शांतपणे म्हणाले, "अण्णा, फवारणीच करायची असेल तर टाकीत औषध तरी भरून पाठवत जा."