हिशेब मे महिन्यात द्या

मे महिन्यात दुपारी दीड वाजता महामार्गावर सावली शोधून दाखवा. ढाब्याच्या पत्र्याखालची नको, फूड मॉलच्या काचेआडची नको. झाडाची. पुणे-सातारा घ्या, सोलापूर रस्ता घ्या, मुंबई-गोवा घ्या. मैलोनमैल गाडी हाकाल, गाडीतल्या गाडीत गारठाल, पण चार माणसांना बूड टेकून डबा उघडता येईल असं एक झाड चटकन सापडायचं नाही.

उन्हाळी सुट्टी लागली की आम्ही मित्रमंडळी गाडी काढतो. यंदा कोल्हापूरकडे निघालो होतो. दशम्या, लसणाची चटणी, कैरीचा तक्कू, पन्ह्याचा थर्मास, सगळं बरोबर. थांबायचं कुठे, हा एकच प्रश्न. शेवटी एका उड्डाणपुलाखाली थांबलो. तिथे आमच्या आधीच वस्ती झालेली. मोटरसायकलवरून निघालेलं एक जोडपं, त्यांच्यामध्ये चारेक वर्षांची पोर. दोन टँकरवाले. कलिंगडाचा हातगाडा लावलेले एक आजोबा. आईनं पदर ओला करून पोरीच्या डोक्यावर टाकला होता आणि पोर बाटलीतलं पाणी तोंडात घेऊन थुंकत होती, कारण ते चहाइतकं तापलं होतं. वरून ट्रक गेला की पूल हादरायचा, धूळ डब्यात पडायची. टँकरवाल्यांपैकी एक म्हणाला, "भाऊ, आता हाच आमचा वड."

त्याचं बोलणं डोक्यातून जात नाही.

मे महिना हा महाराष्ट्रात शून्य सावलीचा महिना आहे. कोल्हापूरला पहिल्या आठवड्यात, पुण्याला महिन्याच्या मध्यावर, नागपूरला शेवटाकडे असा एक दिवस येतो, की भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाच्या पायातच विरते. आगेमागे आठवडाभर हीच गत. भिंत सावली देत नाही, फलक देत नाही, विजेचा खांब देत नाही. त्या वेळी सावली देतं ते आडवं पसरलेलं काहीतरी: छप्पर, पूल किंवा झाडाचा घेर. रस्त्याकडेला वड, चिंच आणि आंबा लावणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी अशोक किंवा सुरू लावला नाही, घेराची झाडं लावली. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखात तर स्पष्ट कोरलेलं आहे, की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावले, आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या राजाला जनावराच्या सावलीची काळजी होती. आपल्या आराखड्यात मोटरसायकलवरच्या पोरीलाही जागा नाही.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की जुन्या वडांची कमान लागायची. त्यातले जे अजून उभे आहेत त्यांच्याखाली गाडीची काच खाली करून बघा. हवा बदलते. पानांतून बाष्प बाहेर पडतं आणि आसपासची उष्णता शोषली जाते. पुलाखालच्या सिमेंटला ते जमत नाही, ते दिवसभर तापतं आणि रात्री तीच धग बाहेर टाकतं. सावली दोन्हीकडे आहे, गारवा एकाच ठिकाणी आहे.

रुंदीकरण नको, असं मी म्हणत नाही. अरुंद रस्त्यांवर माणसं मेली आहेत, समोरासमोर धडकून घरंच्या घरं गेली आहेत. मुंबई-गोवा रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. पण त्यासाठी कोकणातले आंबे, वड, ऐन, किंजळ असे जुने वृक्ष आडवे झाले, झाडं एका झटक्यात गेली आणि रस्ता मात्र दशकभर रेंगाळला. झाड तोडायची निविदा वेळेत पूर्ण होते. डांबराला उशीर होतो. झाडं लावण्याच्या कलमाला तर कुणी वालीच नसतो.

मनावर घेतलं तर झाड वाचतं. 2020 मध्ये सांगली जिल्ह्यात भोसे गावचा सुमारे 400 वर्षांचा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गात जाणार होता. गावकरी आणि पर्यावरण कार्यकर्ते झाडाभोवती उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय रस्ते मंत्री नितीन गडकरी यांच्याकडे शब्द टाकला आणि रस्त्याची आखणी सरकवली गेली. अभियंत्यांची रेघ सरकते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. मग बाकीच्या वडांच्या वेळी ती दगडावरची का होते?

उत्तर ठरलेलं असतं: तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुप्पट, पाचपट, दहापट लावू. केंद्राचं हरित महामार्ग धोरण 2015 पासून आहे आणि प्रकल्पखर्चाचा एक टक्का हिरवाईसाठी ठेवावा असं त्यात म्हटलं आहे. राज्यात शहरी झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं आणि झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावायची अट आली. कागदावर उणीव नाही. पण वारसा ठरणारं झाड नगरपालिकेच्या हद्दीत असावं लागतं. महामार्गावरचे बहुतेक वड त्या हद्दीबाहेर उभे असतात. शहरातलं पन्नाशीचं झाड वारसा आणि माळावरचं दीडशे वर्षांचं झाड अडथळा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि बदल्यात लावलेलं दिसतं कुठे? दुभाजकावर. कण्हेर आणि बोगनवेल. समोरच्या गाडीच्या दिव्याचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती लावतात, आणि कण्हेर गुरं खात नाहीत म्हणून ती टिकते. रात्रीच्या वाहनचालकासाठी ते काम मोलाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कण्हेरीखाली कुणी बसत नाही. वड तोडून कण्हेर लावली आणि झाडाला झाड जुळवून हिशेब चुकता केला, तर ती फसवणूक आहे. असंच म्हणायला हवं.

माझ्या पिढीतल्या लोकांना मैलकुली आठवत असतील. सार्वजनिक बांधकाम खात्याचा हा माणूस ठरावीक लांबीचा रस्ता सांभाळायचा. खड्डा बुजवायचा, गटार मोकळं करायचा आणि रस्त्याकडेच्या रोपांना काटेरी कुंपण करून पाणी घालायचा. मोठ्या झाडांच्या खोडांवर गेरू आणि चुन्याचे पट्टे, त्यावर झाडाचा क्रमांक. झाड गेलं तर क्रमांक गेला, आणि क्रमांक गेला की कुणालातरी जाब द्यावा लागायचा. आता ठेकेदार रोप लावतो, फोटो काढतो, बिल काढतो. क्रमांक फक्त बिलाला असतो.

ज्यांच्या घरी चार कुंड्या आहेत त्या प्रत्येकाला यातली चलाखी लगेच कळेल. रोप पावसाळ्यात लावणं हे काम नव्हेच. जुलैत काडी खोचली तरी फुटते. रोप जगलं की नाही ते वैशाखात ठरतं.

आमची गच्ची छोटी आहे. मोगरा, कढीलिंब, लिंबू, गवती चहा, एका ड्रममध्ये शेवगा. मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, चटका बसतो. आत मुळं शिजत असतात. म्हणून सकाळी सातच्या आत पाणी, मातीवर उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन, आणि कुंड्या एकमेकींना खेटून, म्हणजे एकीची सावली दुसरीला. मोठ्या ड्रममध्ये मातीचं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरलेलं आहे, त्याच्या तळाला भोक आणि भोकात सुती कापडाची वात. मडकं भरून वर झाकण ठेवलं की पाणी हळूहळू मुळांशी पाझरतं, उन्हाला उडून जात नाही. कोकणात चार दिवस जायचं तर शेजारच्या काकूंकडे चावी ठेवायची, कुठल्या कुंडीला किती मग ते चिठ्ठीवर लिहून फ्रीजला लावायचं. एवढं केलं म्हणून मोगरा उन्हाळाभर फुलतो. त्यात मोठेपणा काही नाही, घरोघरी बायका हे करत आल्या आहेत.

पाच-पन्नास रुपयांच्या मोगऱ्यासाठी आपण चावी देतो, चिठ्ठी लिहितो, परतल्यावर आधी गच्चीवर धावतो. शेकडो कोटींच्या रस्त्यावर रोपाला पाणी घालायला माणूस नेमलेला नसतो, किंवा नेमलेला फक्त कागदावर असतो. पैसा नाही म्हणून हे होत नाही. विचारणारा नाही म्हणून होतं.

आणि आपण विचारतो ते चुकीच्या महिन्यात. राज्यात 2017 ते 2019 या काळात 50 कोटी झाडांची मोहीम झाली: पहिल्या वर्षी 4 कोटी, मग 13, मग 33 कोटी. आकडे सगळे लावल्याचे, जाहिराती सगळ्या जुलैच्या. मंत्री जुलैत येतात, शाळा जुलैत बोलावतात, आपणही जुलैत हातात रोप धरून फोटोला उभे राहतो. माझं म्हणणं एवढंच आहे: लागवडीचा सत्कार जुलैत बंद करा. हिशेब पुढच्या मे महिन्यात मागा, त्याच्या पुढच्याही आणि तिसऱ्याही. तीन उन्हाळे काढलेलं वडाचं रोप मग सहसा मागे वळून पाहत नाही. ठेकेदाराचं झाडांचं बिल या तीन उन्हाळ्यांत वाटून द्या. जगलेल्या झाडाचे पैसे द्या, खड्ड्याचे नकोत. प्रत्येक झाडाला पुन्हा क्रमांक द्या. गेरू-चुना महाग नाही.

आपणही काही देणं लागतो. वटपौर्णिमा ज्येष्ठात येते. शहरांत आदल्या दिवशी बाजारात वडाच्या डहाळ्यांचे भारे उतरतात. दहा-वीस रुपयांना डहाळी, कुंडीत खोचायची, दोरा गुंडाळायचा, दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत. दीर्घायुष्य मागायचं ज्याच्याकडे, त्याचेच हात तोडून आणायचे. सण मोडू नका, डहाळी मोडू नका. पूजेला कुंडीतलं रोप आणा. वड मिळवणं अजिबात अवघड नाही. आपल्या इमारतीच्या भिंतीच्या भेगांत, गच्चीच्या पाइपाशी पक्ष्यांनी पेरलेले वड-पिंपळ दर पावसाळ्यात उगवतात आणि सोसायटी त्यांच्यावर ॲसिड ओतते. भिंतीला ते धोकादायक आहेत हे खरं. पण लहान असताना भेग ओली करून अलगद उपटले तर मुळांसकट निघतात. मग त्यांना वर्षभर कुंडीत वाढवता येतं. शिवाय वडाची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत पुरली तरी फुटते. रस्त्यासाठी छाटलेल्या वडाच्या फांद्या जळणाला जातात, त्याऐवजी बांधावर जायला काय हरकत आहे?

आमच्या गटानं असं ठरवलं आणि ते चालू आहे. भिंतीतून काढलेली रोपं गच्चीवर वाढवायची, पावसाळ्यात भोरच्या बाजूला एका मित्राच्या शेतात, गाडीरस्त्याला लागून असलेल्या बांधावर लावायची. खरी सहल उन्हाळ्यातली. डिकीत कपड्यांच्या बॅगा कमी आणि पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन जास्त. पहाटे निघायचं, उन्हं चढायच्या आत मडकी भरायची, आच्छादन सरकलं असेल तर सारखं करायचं, शेळ्यांनी कुंपण मोडलं असेल तर बाभळीची फांदी ओढून आणायची. मग विहिरीवर आंघोळ, मित्राच्या आईच्या हातची भाकरी आणि झुणका, करवंदं आणि पत्ते. पोरांना हे फार आवडतं. कुणाचं रोप किती वाढलं यावरून भांडणं होतात, माझ्या भाचीनं आपल्या वडाला दोरीनं मोजून गाठ मारून ठेवली आहे. तिची दोरी कुठल्याही सरकारी अहवालापेक्षा विश्वासार्ह आहे.

काही रोपं मरतात. मेलेल्याच्या जागी पुन्हा लावतो आणि मेलेलंही वहीत लिहितो. रस्त्याच्या खात्यानंही एवढंच करावं: मेलेलं लिहावं.

तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, गावाकडे जाताना, कोकणात उतरताना, मे महिन्यात थोडा वेळ काढा. टोलनाक्यापासून पुढच्या टोलनाक्यापर्यंत रस्त्याकडेला लावलेली रोपं मोजा, त्यातली हिरवी किती ते मोजा, तारखेसह फोटो घ्या आणि माहिती अधिकारात त्या टप्प्याच्या लागवडीचं आणि तीन वर्षांच्या निगराणीचं बिल मागा. अर्ज साध्या मराठीत चालतो, शुल्क दहा रुपये. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं सातारा रस्त्यासाठी असा अर्ज लिहून ठेवला आहे, सोमवारी टपालात पडेल.