पाचशे अकरा तबकड्यांचे धनी

मोबाइलच्या दुकानावर ‘मेमरी भरून मिळेल’ अशी हाताने रंगविलेली पाटी लावण्याचा जो एक काळ मराठवाड्यातील बाजारगावांवरून येऊन गेला, त्या काळाचे अवशेष औंढा तालुक्यातील जवळा बाजार या गावी एखाद्या दुकानाच्या तळच्या खणात आजही सापडतात. आणि ते अवशेष धुंडाळीत फिरणारा एक गृहस्थही, जरा चौकशी केल्यास, सापडतो. नखाएवढी, दोन गिगाबाइटची ती कार्डे, ज्यांवर एके काळी दहावीस रुपये घेऊन भक्तिगीते, लावण्या आणि हिंदी चित्रपट भरून दिले जात, ती आता कोणी फुकट दिली तरी नेत नाही. ती पैसे मोजून नेणारा हा गृहस्थ बहुधा निवृत्त विज्ञानशिक्षक असतो, त्याच्या सदऱ्याच्या खिशात लाल शाईचे पेन आणि घड्याळजीचे भिंग असे दोन्ही असते, आणि दुकानदाराने ‘याच्याहून मोठी घ्या की गुरुजी, चौसष्टची हाय’ असे आदराने सुचविले असता त्याची मुद्रा विलक्षण खिन्न होते. जुन्या रीतीच्या मेमरी कार्डाची शीव दोन गिगाबाइटला संपते, त्यापुढची कार्डे निराळ्या कायद्याने चालतात आणि आपल्या घरचे वृद्ध यंत्र नवा कायदा मानीत नाही, एवढे सगळे गिऱ्हाइकांच्या गर्दीत समजावून सांगणे त्याच्या जिवावर येते.

अशा गृहस्थांचा एक स्वतंत्र वर्गच आहे. तो पुण्यात आहे, नाशकात आहे, विलायतेत तर उदंड आहे. परंतु आमच्या अवलोकनात आलेला नमुना औंढा तालुक्यातील असल्यामुळे त्याचेच वर्णन करणे इष्ट. त्यांना आपण नुसते गुरुजी म्हणू. गावही तेवढेच म्हणते.

गुरुजींच्या माजघरात, देव्हाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर, जे यंत्र लाल मखमलीखाली झाकून ठेवलेले असते ते इंग्लंडातील एकॉर्न कंपनीने १९८१ साली बीबीसीच्या नावाने बाजारात आणलेले ‘बीबीसी मायक्रो’ होय. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले एखादे बारशाचे छायाचित्र तीत मावणार नाही. परंतु केंद्र सरकारने १९८४ साली शाळाशाळांतून संगणकसाक्षरता पसरविण्यासाठी ‘क्लास’ नावाची योजना काढली आणि सुरुवातीस देशभरच्या सुमारे अडीचशे शाळा निवडल्या, तेव्हा त्या शाळांना हेच यंत्र देण्यात आले होते. शाळेत संगणक आला म्हणजे प्रथम त्याच्यासाठी पडदे आले, मागाहून कुलूप आले, पादत्राणे बाहेर काढण्याविषयीची सूचना आली, आणि सर्वांत शेवटी, बहुतेक ठिकाणी निर्लेखनाच्या सुमारास, विद्यार्थी आले. ज्यांच्या घरी सुबत्ता होती अशा शहरी मुलांसाठी डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस हा दुसरा एक संगणक विकावयास काढला होता खरा. पण गुरुजी त्याचा उल्लेख सावत्र आप्ताचा करावा तसा, तोंडदेखला करतात.

गुरुजींचे यंत्र एका शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीतून बाहेर पडले. समिती बसली, पंचनामा झाला, ‘निरुपयोगी’ असा शेरा पडला, लिलाव पुकारला गेला, आणि लोखंडी बाकांच्या ढिगाबरोबर संगणकही भंगारवाल्याच्या गाड्यावर चढला. गुरुजींनी तो वेशीपाशी गाठून किलोच्या भावाने सोडवून आणला. त्या व्यवहाराची पावती त्यांनी मागून घेतली असून ती आजही दफ्तरी रुजू आहे.

या वर्गातील माणसाचे पहिले लक्षण असे की, हाती आलेले यंत्र तो चालू करून पाहत नाही. सामान्य मनुष्य प्रथम खटका दाबतो आणि मग पस्तावतो. गुरुजींनी खटक्याला हात लावण्यापूर्वी विद्युतपुरवठ्याची पेटी उघडली, कारण या यंत्रांतला एक पिवळसर कपॅसिटर वयोमानाने तडकतो आणि भर सभेत धूर सोडतो, ही वार्ता त्यांना आधीच होती. तो बदलून झाल्यावरच त्यांनी झाकणाकडे मोर्चा वळविला. झाकणाचे चार स्क्रू, दोन पाठीमागे नि दोन पोटाखाली, आणि निर्मात्याने त्यांच्याजवळ ‘फिक्स’ असा शब्द ठशात उमटवून ठेवलेला. तो शब्द दाखविताना गुरुजींचा चेहरा एखादा शिलालेख दाखविणाऱ्या संशोधकासारखा होतो.

आता कार्डाची गोष्ट. मूळ योजनेप्रमाणे हे यंत्र आपला मजकूर साध्या टेपरेकॉर्डरवरच्या कॅसेटीवरून वाचीत असे, आणि सेकंदाला १२०० ठोके या गतीने पूर्ण ३२ किलोबाइट भरावयास चारपाच मिनिटे लागत. तेवढ्यात ध्वनी जरा कमीजास्त झाला, की सारे पुन्हा मुळापासून. पुढे फ्लॉपी तबकड्या आल्या, पण मराठवाड्याच्या धुळीत आणि पावसाळी बुरशीत त्यांचे आयुष्य ते किती! यावर इंग्लंडातील हौशी मंडळींनी असा तोडगा काढला की, यंत्राच्या पोटाखाली ‘यूजर पोर्ट’ म्हणून जे वीस टोकांचे द्वार असते त्याला मेमरी कार्ड जोडावे, आतल्या रिकाम्या खोबणीत एक रॉम चिप बसवावी, आणि कार्ड म्हणजे तबकडीच आहे असे त्या म्हाताऱ्या यंत्राला पटवून द्यावे. गुरुजींनी त्यासाठी वेगळी खाच विकत घेतली नाही. नखाएवढे कार्ड ज्यात घालतात त्या प्लास्टिकच्या अडॅप्टरच्याच सोनेरी पट्ट्यांना त्यांनी तारा झाळल्या. यंत्र पाच व्होल्टांचे आणि कार्ड ३.३ व्होल्टांचे, म्हणून मध्ये रोधकांची जोडी बसवून दाब उतरविला. आणि रॉम चिप मात्र पुण्यास, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चिरंजीवांकडून भरून आणविली. चिरंजीवांनी ती कुरिअरने पाठविताना ‘बाबा, नवा लॅपटॉप घेऊन देतो’ अशी चिठ्ठी आत घातली होती. गुरुजींनी चिप ठेवून घेतली आणि चिठ्ठीस उत्तर दिले नाही.

खरी अडचण उद्भवली ती मोबाइलच्या दुकानदाराच्या सौजन्यातून. या पद्धतीत ५११ तबकड्या, शून्यापासून ५१० पर्यंत क्रमांक घालून, एकाच मोठ्या फाइलीत ठेवतात. प्रत्येकी २०० किलोबाइट धरले तरी सगळ्या मिळून शंभर मेगाबाइटांच्या आसपास, म्हणजे दोन गिगाबाइटच्या कार्डाचा विसावा हिस्सा. दुकानदाराला हे पाहवले नाही. ‘एवढी जागा रिकामी कामून ठेवायलेत गुरुजी? लगीनसराईतले गाणे टाकून देतो, पैशे नका देऊ,’ असे म्हणून त्याने कार्ड काठोकाठ भरून दिले. आणि गुरुजींनी काही गाणी पुसून मधल्यामधल्या जागांत आपली फाइल बसविली. यंत्राने ती नाकारली. कारण फाइल कार्डावर सलग असावी लागते. तिचे तुकडे झाले की वृद्धास पुढचा तुकडा सापडत नाही. हे रहस्य उलगडताच गुरुजी उठले ते थेट तलाठ्यांच्या कचेरीत गेले आणि ‘तुकडेबंदीचा कायदा किती दूरदृष्टीचा आहे हे आज समजले’ असे सांगून, तलाठी खुलासा विचारण्यापूर्वीच परतले. मग कार्ड कोरे करून, प्रथम ती एक सलग फाइल आणि तिच्या बांधाबाहेर वाटेल तेवढी गाणी, असा फेरफार मंजूर झाला. आजही गुरुजींच्या कार्डावर तबकड्यांच्या पलीकडे तीन गवळणी आणि एक पोवाडा सुखाने नांदतो.

कार्ड चालू लागल्यावर नामकरणाचा प्रश्न आला. या यंत्राच्या तबकडीवर फाइलीचे नाव सात रोमन अक्षरांहून मोठे चालत नाही. गुरुजींनी गावोगावच्या शाळांची दफ्तरे मांडावयास घेतली तेव्हा असे आढळले की, हिंगोली हे नाव बरोबर सात अक्षरांत बसते आणि परभणी आठ अक्षरे होऊन बाहेर राहते. जवळा बाजार १ मे १९९९ रोजी परभणीतून निघून नव्या हिंगोली जिल्ह्यात आले, आणि या मेमरी कार्डाचा मूळ प्रकार तोशिबा, पॅनासॉनिक आणि सॅनडिस्क या कंपन्यांनी मिळून जाहीर केला तेही १९९९ मध्येच; या योगायोगावर गुरुजींनी एक शासकीय निवेदन तयार केले असून ते कोणाकडे पाठवावे याचा निर्णय व्हावयाचा आहे.

पाहुण्यांचा त्यांना तोटा नाही. मोंढ्यातून हळद विकून परतणारे लोक ओसरीवर टेकतात आणि आतला टीव्ही पाहून पृच्छा करतात.

‘गुरुजी, ह्याच्यात हळदीचे भाव दिसतेत का?’

‘नाही.’

‘म्याच?’

‘नाही.’

‘मग करायलेत काय तुम्ही याच्यावर?’

येथे गुरुजी खटका दाबतात. आधी एक घोगरा, मागून एक स्वच्छ, असे दोन सूर निघतात, आणि काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’ ही अक्षरे उमटतात. पाहुणा पुढचे काही होईल म्हणून थांबतो. पुढे काही व्हावयाचे नसते. गुरुजींच्या मते जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते.

आणि या वर्गाचे मर्म आमच्या मते येथेच आहे. पाचशे अकरा तबकड्यांपैकी गुरुजींनी उघडून वापरलेल्या तबकड्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. उरलेल्यांची ते यादी करतात, यादीवरून दुसरी यादी करतात, दोहोंतील तफावत लाल शाईने टिपतात आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘तपासून पाहिले, बरोबर’ असे लिहितात. ‘अहो, इतक्यांतली एक तरी लावून दाखवा,’ असे घरातून सांगणे झाले, की ‘यादी पुरी होऊ दे’ हे उत्तर ठरलेले. आम्हास तर असे वाटते की, कॅसेटीपुढे चारपाच मिनिटे हात जोडून बसण्यात जे पुण्य होते ते कार्डाने क्षणात हिरावून घेतल्यामुळे, वाचलेला वेळ कोठे खर्चावा हे न समजून या माणसांनी याद्यांचा संसार मांडला असावा. वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पहिला हक्क यंत्राचा, दुसरा पंख्याचा; या क्रमावर घरात एकदा आंदोलन झाले, परंतु अंमल कायम आहे.

तथापि उघडलेल्या मोजक्या तबकड्यांत शून्य क्रमांकाची एक आहे, आणि तिच्यासाठी गुरुजींना शंभर याद्या माफ कराव्यात. शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्या टेबलातील किल्ली ‘तात्पुरती’ उचलून, त्यांनी पूर्वी काही मुलांना त्या पडद्याआडच्या खोलीत नेले होते आणि एकेकाने लिहिलेला मजकूर एका कॅसेटीवर साठविला होता. ती कॅसेट पुढे बुरसली. गुरुजींनी तिची फीत कापसाने पुसली, टेपरेकॉर्डरच्या डोक्याचा बारीक स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवून सूर तीव्र लागेपर्यंत कान लावला, आणि एकेक कार्यक्रम टेपवरून उचलून कार्डावर ठेवला. त्यांतला एक दोन ओळींचा होता: पहिली ओळ एका मुलाचे नाव छापणारी आणि दुसरी पहिलीकडे परत पाठविणारी. तो मुलगा आज हळदीचा मोठा आडत्या आहे. गुरुजींनी त्याला बोलावून समोर बसविले आणि कार्यक्रम सुरू केला. पडदाभर त्याचे नाव, खालून वर, न थांबता वाहू लागले.

‘हे म्या केलतं?’

‘तूच. आठवीत.’

आडत्या कितीतरी वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘पण सर, हे बंद कसं करायचं?’

‘ते तू तेव्हाही विचारलं होतंस,’ गुरुजी म्हणाले आणि त्यांनी त्याला एस्केपचे बटन दाखविले. त्याने दाबले नाही. औंढ्यास नामदेवरायांसाठी देऊळ फिरल्याची कथा आमच्या भागात लहानथोरांस ठाऊक आहे. तिची याद देत गुरुजी म्हणाले, ‘देऊळ फिरतं, तर टेप फिरायला काय हरकत आहे?’ नाव फिरतच राहिले, आणि जेवणाची वेळ झाली तेव्हा स्वयंपाकघरातून कोणीतरी येऊन इन्व्हर्टरच बंद केला. कार्डावरचे काही गेले नाही. कार्डाचा एवढा एक गुण घरातही मान्य झालेला आहे.

वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर, जुन्या शाळेच्या कपाटात किंवा वडिलांच्या पेटीत, गाण्याची नव्हे पण कर्कश किंकाळीसारखा आवाज करणारी एखादी कॅसेट असेल, तर ती बिघडलेली आहे असे समजून तीवर कृपा करून काही भरू नये. तिच्या वरच्या कडेच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकूनही काही भरले जाणार नाही, आणि ती आपल्या गावच्या गुरुजींकडे पोचती करावी. ते पोच देतात. आवक क्रमांक, दिनांक आणि शेरा यांसह.