रॉ फाइलला कुलूप लावणाऱ्या साहेबांस

प्रति,
कॅमेरा कंपनीत रॉ फाइलचा फॉरमॅट ठरवणारे साहेब यांस,



आपला नवा कॅमेरा मिळाला. फोटो झकास येतात म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यापलीकडे ते अजून कुणी पाहिलेले नाहीत. पदरचे पैसे मोजून घेतलेलं आमचं एडिटिंग सॉफ्टवेअर आपली फाइल हुंगून बघतं आणि सांगतं, हा पाहुणा ओळखीचा नाही. ओळख करून घ्यायची तर सॉफ्टवेअर नवं हवं. नव्या सॉफ्टवेअरला नवी विंडोज हवी आणि नवी विंडोज आमच्या कॉम्प्युटरकडे बघून नाक मुरडते. खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. जागा कमी पडली असेल.

बरं, फाइलच्या नावापुढची तीन अक्षरं तीच जुनी. गेल्या मॉडेलची उघडते, या मॉडेलची नाही. त्या मानाने कॅनन प्रामाणिक म्हणायचं. त्यांनी २०१८ मध्ये सीआर२ चं सीआर३ केलं, तेव्हा निदान पाटी तरी बदलली.

आता त्या फाइलमध्ये असं काय गुपित आहे ते सांगा. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी नाहीतर निळी चाळणी, चार ठिपक्यांत दोन हिरव्या. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट १९७६ चं. म्हणजे गुपित पन्नाशीला टेकलं. बाकी राहतात ते नुसते उजेडाचे आकडे, आणि तो उजेड आमचा. भर दुपारी मांडवाबाहेर उभ्या नवरदेवाचं पांढरं उपरणं जेपेगमध्ये चुन्याचा फराटा होतं. तेच १४ बिटच्या रॉमध्ये एक्स्पोजर खाली ओढलं की काठ दिसतो, वीण दिसते, खांद्यावर अडकलेला अक्षतांचा दाणासुद्धा दिसतो. एका रंगाच्या २५६ पायऱ्या कुठे आणि १६,३८४ कुठे! तेवढ्यासाठीच तर कार्ड भरभरून रॉ काढतो, हो.

आपल्या बिरादरीची परंपरा मात्र थोर. २००५ मध्ये निकॉनने डी२एक्सच्या फाइलमधली व्हाइट बॅलन्सची नोंदच सांकेतिक करून ठेवली होती. फोटोशॉपचे एक जन्मदाते थॉमस नोल यांनी त्यावर जाहीर बोंब मारली. व्हाइट बॅलन्स म्हणजे काय, तर फोटोतला पांढरा पांढरा दिसावा एवढ्यापुरते आकडे. तेही तिजोरीत! डेव्ह कॉफिन नावाच्या प्रोग्रामरने १९९७ पासून ‘डीसीरॉ’ लिहून आपल्या कुलपांच्या किल्ल्या एकेक करून घडवल्या आणि फुकट वाटल्या. आपण त्यांना एखादा हार तरी घातलात की नाही?

सेव्ह करण्याबद्दलही थोडं. बहुतेक सॉफ्टवेअर मूळ रॉला हात लावत नाहीत, आणि ते उत्तमच आहे. केलेले बदल त्यांतली बरीचशी एक्सएमपी नावाच्या चिठ्ठीत शेजारी ठेवतात. अल्बमवाल्याचा ऑपरेटर पेनड्राइव्हवर रॉ घेतो आणि ती दोन-चार केबीची चिठ्ठी फालतू समजून मागे सोडतो. मग रात्रभर जागून करवल्यांच्या चेहऱ्यांवरून उतरवलेला हळदीचा पिवळेपणा अल्बममध्ये पुन्हा हजर. चिठ्ठीऐवजी हे बदल फाइलच्याच पोटात ठेवायची सोय आहे, पण डीएनजी नावाच्या खुल्या रॉ फॉरमॅटमध्ये. आपल्या फाइलच्या पोटात काय कुठे आहे हे आपण सांगतच नाही, तर दुसरा कोण शहाणा तिथे लिहायला धजेल?

आणि हे डीएनजी काही काल जन्मलेलं नाही. अडोबीने २००४ मध्ये त्याचा आराखडा खुला केला, कुणीही वापरा म्हणाले. लायका, पेंटॅक्स वापरतात. अँड्रॉइडचे मोबाइल रॉ काढतात ते डीएनजीत, आयफोनचं प्रोरॉसुद्धा डीएनजीच. म्हणजे पोरं ज्या मोबाइलवर रील बघतात त्याला जे जमलं, ते लाख-दीड लाखाच्या आपल्या कॅमेऱ्याला झेपत नाही. आपण मेन्यूत फोटोला सेपिया करायची सोय दिलीत, चेहरा गुळगुळीत करायचीही दिलीत. त्याच मेन्यूत डीएनजीची एक ओळ मावणार नाही?

ती ओळ द्या. तेही जड जात असेल, तर आपल्या फाइलची रचना सांगणारा एक कागद तरी वेबसाइटवर टाका, म्हणजे कॉफिनसारख्यांच्या रात्री वाचतील.

तोवर, ज्यांची अवस्था आमच्यासारखी आहे त्यांनी अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर उतरवून घ्यावा. तो फुकट आहे आणि नव्या कॅमेऱ्याची रॉ जुन्या फोटोशॉपला वाचता येईल अशी करून देतो. मूळ रॉ मात्र पुसू नका. आणि कॉम्प्युटर फारच जुना असेल तर थांबा, कन्व्हर्टरलाही बऱ्यापैकी नवी विंडोज लागते.

आपला,
पूर्ण पैसे भरलेला एक ग्राहक